उष्टी पेटी

बुधवार, संध्याकाळ

"कारखानदार मित्रांनो, आपली मशीनं पोचवून गाड्या रिकाम्या परततात आणि मशीनं बांधायच्या लाकडी पेट्यांसाठी आंब्याची झाडं तुटतात." उद्याच्या सभेतल्या भाषणाची ही सुरुवात ठरली होती. पण आज आमचं जुनं गिऱ्हाईक, गारगोटीचे सर्जेराव, यांनी वापरलेली पेटी बघून मशीन उतरवूनच घेतलं नाही. फोनवर म्हणाले, "नव्या मशीनला उष्टी पेटी? पूजा कशाची करू, राव?"

"आधीचं मशीन त्यात बसलं होतं, जेवलं न्हवतं की."

हसले, तरी गाडी परत धाडली. लाकूड उष्टं कसं होतं? गिऱ्हाईक तुटलं तर? नवी पेटी करून देऊ? मग उद्या कुठल्या तोंडाने बोलू? उष्टी म्हणे. नाही, सर्जेरावांचं मशीन त्याच पेटीतून पाठवणार. आणि सभेत एवढंच मागणार: आपापल्या गिऱ्हाइकांना सांगा, मशीन उतरलं की पेटी फोडू नका, त्याच गाडीतून परत पाठवा.