दोनदा परत आलेला बिल्ला

प्रिय सिंचना,

तुझा राजीनामा नंजुंडस्वामी सरांनी परवा जेवणानंतर माझ्या टेबलावर आणून ठेवला. पंख्याने उडू नये म्हणून वर स्वतःचा चष्मा ठेवला. “तुमची शिष्या आहे, उत्तर तुम्हीच द्या,” म्हणाले, आणि चष्म्याशिवाय खुर्च्यांना धडकत केबिनकडे गेले. तू फोन उचलत नाहीस. मेलवर लिहावं तर ते ऑफिसचं वाटतं. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. शिरसीच्या बसच्या कंडक्टरकडे देईन, तुझ्या अप्पांना स्टँडवरून घ्यायला सांगितलं आहे.

तू लिहिलं आहेस, “माझ्या कोडमुळे एका पेशंटच्या सलाइनचा आकडा दुसऱ्याच्या खाटेवर दिसला असता. मी या कामाला लायक नाही.” पहिलं वाक्य खरं आहे, ते मी खोडणार नाही. दुसऱ्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे, आणि मला नेमकं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

तू म्हैसूरला आलीस तो पहिला आठवडा आठवतो का? कॉलेजात शिकल्याप्रमाणे तू विचारलंस, “मॅडम, लागेल तेव्हा मॅलॉक करून मेमरी मागायची, झालं की परत द्यायची. मग हा पूल, मेमरीचा हा राखीव साठा, कशाला?” मी तुला उत्तर दिलं नाही, चामुंडी टेकडीवर नेलं. देवीच्या दर्शनाला नव्हे, चप्पल स्टँडवर. लोक जमिनीवर जागा सापडेल तशा चपला काढून ठेवत होते, उचलून नेत होते. मधेमधे भरपूर जागा मोकळी होती, पण सगळी तुकड्यातुकड्यांत. एका दांडग्या माणसाच्या बुटांना कुठेच सलग जागा मिळेना. आणि शेजारी स्टँडवाल्याची मांडणी होती. सगळे खण सारख्या मापाचे, सकाळीच लावून ठेवलेले, प्रत्येक मोकळ्या खणाचा बिल्ला तारेत ओवलेला. माणूस आला की वरचा बिल्ला द्यायचा, परत आला की पुन्हा तारेत ओवायचा. आपलं मशीन अतिदक्षता विभागात नर्सच्या टेबलावर असतं, प्रत्येक खाटेच्या सलाइनच्या पंपाचे निरोप घेतं आणि वर्षानुवर्षं बंद होत नाही. त्याला तुकड्यांत जागा शोधत बसणं परवडत नाही. म्हणून सुरू होतानाच सगळी मेमरी एकदा मागून घ्यायची, सारखे खण पाडायचे आणि नंतर कोणाकडे हात पसरायचा नाही. तू लगेच विचारलंस, “आणि सगळे खण भरले तर?” मी म्हटलं, नवीन माणसाला थांबवायचं, पण आतल्या कोणाच्या चपला बाहेर फेकायच्या नाहीत. तू मान हलवत होतीस तेवढ्यात स्टँडवाला ओरडला, “अहो अम्मा, चपला ठेवणार आहात की नुसत्या बघणार? मागे रांग लागली आहे.” परत उतरताना तू म्हणालीस, “एखाद्या नवराबायकोकडे एकाच खणाचे दोन बिल्ले असले आणि दोघांनी वेगवेगळे परत केले तर?” त्या दिवसापासून तू मला मॅडमऐवजी अक्का म्हणायला लागलीस. मला वाटतं तो प्रश्न ऐकून माझा चेहरा बदलला होता.

आता गाडीच्या दिवसाकडे येते. तू तो दिवस लाजेचा म्हणून सांभाळून ठेवला असशील, आणि माझ्याकडे तो अगदी वेगळा आहे. हॉस्पिटलला पाठवायच्या मशीनांनी टेम्पो भरला होता, हार घातला होता, कापूर लावला होता. आपल्याकडची रीत म्हणजे पूलच्या फाइलवर ज्याचं नाव असतं, त्याने चाकाखाली लिंबू ठेवायचं. तेव्हा ते मीच ठेवलं होतं. सगळे केसरीभात खात उभे होते. शेवटचं मशीन अजून टेबलावर चालू होतं आणि तू हातात द्रोण घेऊन त्याच्यासमोर थबकलीस. पडद्यावर तिसऱ्या खाटेच्या चौकटीत आठव्या खाटेचा आकडा. तू हाक मारून बोट दाखवेपर्यंत शेणैंनी मशीन बंद करून खोक्यात घातलंसुद्धा. विक्रीचा माणूस, त्याला गाडी हलवायची घाई. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, लिंबू चिरडलं, आणि तू द्रोणासकट जाऊन टेम्पोसमोर उभी राहिलीस.

शेणै म्हणाले, “सिंचनाबाई, डोळे तपासून घ्या. त्याच हॉस्पिटलात सवलत मिळवून देतो.” सगळे हसले. नंजुंडस्वामी सर हसले नाहीत, त्यांना शकुनाची काळजी. “अगं, लिंबू फुटलं. आता गाडी मागे घ्यायची?” तू म्हणालीस, “सर, लिंबू दुसरं आणता येईल.” एवढंच. आवाज चढवला नाहीस. सर चाकाकडे बघत ड्रायव्हरला म्हणाले, “उतरव.” ते वाक्य आता आपल्या कारखान्यात कोणीही कशालाही म्हणतं. परवा चहात साखर कमी पडली तेव्हा वॉचमन म्हणाला, “लिंबू दुसरं आणता येईल.”

पुढचे दिवस तुला कठीण गेले ते मी पाहिलं. मशीन बंद केल्यामुळे खूण पुसली गेली होती, आणि नव्याने सुरू केल्यावर ते शहाण्यासारखं वागत होतं. तू पंपांच्या नकली निरोपांचा मारा केलास, वायरी उपसल्यास, काही होईना. शेणै येता-जाता विचारायचे, “काय, आज स्वप्न पडलं का?” मलाही मधेच वाटलं की तुला भास झाला असेल. तुला तसं बोलले नाही, पण वाटलं होतं, ते लिहून ठेवते. मग तू माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, “अक्का, तुमच्या पूलमध्ये खडू वापरू?” खण परत आला की त्यावर खडूची रेघ मारायची, देताना ती पुसायची, परत घेताना रेघ आधीच दिसली, तर तो खण दुसऱ्यांदा परत येतो आहे, आणि मशीनने जागच्या जागी थांबून ओरडायचं. किती साधी गोष्ट. त्या फाइलला इतकी वर्षं माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. मी हो म्हटलं आणि तुझ्या मागे उभी राहून बघत राहिले.

दुपारी मशीन ओरडलं. निरोपाची मुदत संपत असतानाच कोणी अलार्म गप्प करण्याचं बटण दाबलं, तर मुदत संपल्याची आणि बटणाची अशा दोन्ही वाटा तोच खण परत करत होत्या. तारेत एकच बिल्ला दोनदा ओवला जात होता. मग पुढच्या दोन खाटांना एकच खण, आणि जिचा निरोप नंतर येईल तिचा आकडा दोघींच्या चौकटीत. अलार्म गप्प करण्याचं ते काम तुझं होतं, या उन्हाळ्यात तूच लिहिलं होतंस. आम्हाला कोणालाच ते अजून माहीत नव्हतं. तू सगळ्यांना बोलावलंस, भिंतीवर तो कोड लावलास आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचलीस. शेवटी म्हणालीस, “हे मी लिहिलं आहे.” दुरुस्ती केलीस, मला दाखवलीस, आणि दुसऱ्या दिवशी शिरसीच्या बसने गेलीस.

मी घरी येऊन डायरीत लिहायला बसले तेव्हा स्वतःलाच विचारलं, मी गाडी थांबवली असती का? बहुतेक थांबवली असती. पण चूक माझीच आहे असं दिसल्यावर इतक्या सरळ आवाजात वाचून दाखवली असती का? ते मला सांगता येत नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो हे लिहिलं आणि मग शंका आली, हा अभिमान तुझा आहे की मी शिकवलं याचा? बराच विचार केला. मी तुला खण पाडायला शिकवलं. टेम्पोसमोर उभं राहायला मी शिकवलेलं नाही. तेव्हा तो तुझाच आहे, आणि तुझ्या घरच्यांचा.

तू गेल्यावरची बातमी राहिली. हॉस्पिटलच्या मुख्य नर्स, सिस्टर आयरीन लोबो, स्वतः मशीन बघायला आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्याने गप्प करायचं बटण दाबत राहिल्या. शेणै म्हणाले, “सिस्टर, बटण तुटेल.” त्या म्हणाल्या, “वॉर्डात अलार्म वाजला की आम्ही आधी हेच दाबतो, मग पेशंटकडे धावतो. तुमच्यापैकी कोणी कधी पाहिलंय? तुटायचं असेल तर इथेच तुटू दे.” बटण टिकलं, आकडे आपापल्या खाटेवर राहिले. उठताना त्यांनी विचारलं, “हे शोधून काढलं कोणी?” शेणैंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, “आमची सिंचना. रजेवर आहे.” लक्षात घे, शेणै म्हणाले, रजेवर आहे. सिस्टर म्हणाल्या, “लवकर बोलवा तिला. माझ्याकडे अशी एक असती तर मला घरी झोप लागली असती.”

आता राजीनाम्याचं. सरांनी मला दोन कामं सांगितली होती: तुला उत्तर द्यायचं, आणि तू लिहिलेलं सगळं दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचं. दुसरं मी स्वतःच केलं, ओळ न् ओळ वाचली, आणि तिथे आणखी काही सापडलं नाही. मग पूलची फाइल उघडली. अगदी वरच्या ओळीत, सांभाळणाऱ्याच्या जागी, इतकी वर्षं माझं नाव आहे. ते पुसून तुझं लिहिलं. सरांना दाखवलं तर ते चष्मा नाकावर चढवत म्हणाले, “जिच्या हातून चूक झाली तिचंच नाव?” मी म्हटलं, सर, झाली तिच्या हातून हे आपल्याला कोणी सांगितलं? त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “ती आली नाही तर?” याचं उत्तर तूच देऊ शकतेस, म्हणून हे पत्र लिहायला बसले. तुझा राजीनामा माझ्या खणात आहे, त्यावर मी काही लिहिलेलं नाही. सोमवारी गाडी पुन्हा भरायची आहे. हार, कापूर, केसरीभात सगळं सांगून झालं आहे. लिंबू मी बाजारातून आणून ठेवते, पण माझं नाव आता त्या फाइलवर नाही, त्यामुळे ते चाकाखाली मला ठेवता येणार नाही. येताना अम्मांच्या हातचे उसाच्या रसाचे पातळ तोडदेवू आण, शेणैंनासुद्धा दे.

गाडीपाशी तुझी वाट बघणारी, तुझीच,
नागवेणी अक्का