काचपट्टीवरचं वर्तुळ

मंगळवार, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पाहून चमकशील. फोनवर तू पहिल्याच वाक्याला थांबवलं असतंस, म्हणून लिहिते आहे. आम्ही ठीक. आईचा गुडघा बरा आहे. तुझं नाव काढलं की मात्र तो दुखायला लागतो.

शाळेचं सांगते. माझ्या दहावीच्या वर्गाचा जीवशास्त्राचा निकाल अडकला आहे. पेशीची आकृती जवळजवळ सगळ्यांनी एकसारखी काढली. वरच्या उजव्या कोपऱ्यात, भिंतीला टेकलेलं, काळ्या कडेचं वर्तुळ. शेजारी नाव: रिक्तिका. पुस्तकातल्या आकृतीत असं वर्तुळ नाही. परीक्षकांचा शेरा आला, ‘सामूहिक नक्कल.’ शुक्रवारी शाळेतच चौकशी आहे. नक्कल ठरली तर पोरांचं वर्ष गेलं.

एकाचीच आकृती बरोबर ठरली. सूक्ष्मदर्शकाशी त्याची पाळी येईपर्यंत तास संपायचा, म्हणून त्याने पुस्तकातली घोकली होती.

बाकीच्यांनी दिसलं ते काढलं. पुस्तक मिटा, असं मीच सांगितलं होतं. शाळेत वापरातला सूक्ष्मदर्शक एक, त्याखाली काचपट्टी एक. पोरं त्याला म्हातारा म्हणतात, एका डोळ्याचा. रांगेत ढकलाढकली. “अरे, किती वेळ डोळा लावशील? आत सिनेमा लागलाय का?” नवे सूक्ष्मदर्शक कपाटात आहेत, खोक्यांत. कोऱ्या काचाही. किल्ली मोठ्या सरांच्या खिशात. मागितली की एकच उत्तर: “फुटलं तर भरणार कोण, बाई?”

शेरा कळला, तेव्हा रक्त तपासणाऱ्या शेजाऱ्याकडून दोन काचा मागून आणल्या. कांद्याचा पातळ पापुद्रा सोलून ठेवला, वर थेंबभर पाणी. म्हाताऱ्याला डोळा लावला. पेशी होत्या, केंद्रकं होती. वर्तुळ नव्हतं. जुनी पट्टी लावली. होतं.

हवेचा बुडबुडा आहे, ताई. मी वर्षानुवर्षं त्याला रिक्तिका म्हणत आले.

मागच्या बाकावरची उंच मुलगी शेजारी उभी होती. तिला नर्सिंगला जायचंय. तिनेही दोन्ही पाहिल्या.

“बाई, म्हणजे आम्ही नक्कल नाही केली.”

“नाही.”

“मग शुक्रवारी तुम्ही हे सांगाल ना?”

मी काच पुसत राहिले.

सांगितलं तर माझी नोकरी राहणार नाही. अजून कायम झालेली नाही. मोठे सर काल म्हणाले, “कपाटाचं नाव काढायचं नाही. पोरांनी नक्कल केली, विषय संपला. ती पट्टी फेकून द्या.” पट्टी मी रुमालात गुंडाळून घरी आणली.

इथवर लिहिलं आणि चहा गार झाला. आता उरलेलं.

शेऱ्याची प्रत मी पाहिली. अक्षर तुझं आहे. उत्तरपत्रिकांवर शाळेचं नाव नसतं, तुला कळायचं कारण नव्हतं. परीक्षकाला असं पत्र लिहिणं नियमात बसत नाही, हेही मला ठाऊक आहे.

पट्टीच्या कडेला कागद चिकटवलेला आहे. त्यावर ‘कांद्याचा पापुद्रा’ लिहिलंय. तेही अक्षर तुझंच. तू इथे शिकवत होतीस, मी पहिल्या बाकावर होते. तू म्हणालीस, ही रिक्तिका. मी काढली. तू पूर्ण गुण दिलेस. कपाटाला तेव्हाही कुलूप होतं. दुसरी पट्टी तुलाही कोणी करू दिली नसणार.

गुण वाढव, असं म्हणत नाही. शुक्रवारी मी टेबलावर म्हातारा ठेवणार, शेजारी जुनी पट्टी आणि एक कांदा. माझ्या वाट्याचं मी सांगेन, कपाटाचंही. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण पट्टीवरचा कागद मी खरवडलेला नाही. परीक्षक म्हणून तू समोर असशीलच. कोणी काही बोलायच्या आत एकदा डोळा लाव.

आणि दिसेल तेच सांग.

तुझ्याच वर्गातली,
पहिला बाक