चटईपलीकडच्या बायका

२ सप्टेंबर २००७, रविवार

हिल्सबरोला मार्गारेटकडे मीटिंग. आमच्या पाणी ट्रस्टची, मी ट्रस्टी झाल्यापासूनची चौथी. आम्ही चौघंच. मार्गारेट अध्यक्ष, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. ग्रॅहमने आयुष्यभर इथल्या वायकाटो भागातल्या शेतांवर बोअर मारले. डॉ. केळकर आमच्याच हॉस्पिटलात भूल देतात, त्यांनीच मला इथे आणलं. आणि मी फार्मसीतली, सर्वांत धाकटी, म्हणून मिनिट्स माझ्या गळ्यात.

मलावीतल्या गावाच्या हातपंपाची जागा ठरली. गावप्रमुखाच्या घराजवळ, मोठ्या झाडाखाली. गावाने सभा घेऊन ठरवली. 'जागा गाव ठरवेल, आपण नाही' हा नियम मीच आग्रहाने लिहायला लावला होता. बरं वाटलं.

आमच्यात मतदान नसतं. मार्गारेट टेबलाभोवती एकेकाला विचारते, "तुला चालेल ना हे?" एकानेही नाही म्हटलं तर काम थांबतं. आजवर कोणी म्हटलेलं नाही. ग्रॅहमचं उत्तर ठरलेलं: "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, झकास. जागेची अंतिम मंजुरी २० तारखेला.

५ सप्टें., बुध.

फिरींची ईमेल. ते मलावीत आमचं काम बघतात. सोबत गावसभेचा फोटो. मार्गारेटला तो पोस्टरवर हवा. पोस्टर माझ्याकडे.

झाडाखाली चटया, चटयांवर माणसं, हात वर केलेले. छान उजेड. उजवीकडे चटया संपतात, मग थोडी मोकळी जमीन, मग दहाबारा बायका नुसत्या मातीत बसलेल्या. त्यांचे हात मांडीवर.

उशिरा आल्या असतील.

पोस्टरच्या मापात बसवायचा तर फोटो उजवीकडून कापावा लागेल. अजून कापला नाही.

७ सप्टें.

आईला फोटो दाखवला. आपणहून काही बोलले नाही. (आईला इथे परदेशात माझ्याकडे येऊन दोन महिने झाले. ट्रस्ट म्हणजे काय ते तिला समजावलं तेव्हा म्हणाली, "पगार नाही, आणि वर केक पण तूच करून न्यायचा?")

तिने चष्मा लावून बघितलं. "ह्यांना चटई नाही पुरली?"

"तसंच असेल."

"मोकळी जागा तर दिसतेय चटईवर."

मग चष्मा काढून मटार सोलायला बसली.

आमच्या गावात आमच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा नाही. आई घागर खाली ठेवून लांब उभी राहायची. वरच्या कुणाला वेळ झाला की ते वरून ओतायचे. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. मी पुण्यात नळावर वाढले, बी.फार्म. झाले, इथे आले. जे पाहिलंच नाही ते फोटोत ओळखू आलं. की ओळखू आलं असं मला नुसतं वाटतंय? हे लिहून ठेवते.

१० सप्टें., सोम.

डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनकार्ड घेऊन फिरींना फोन केला. ते म्हणाले, त्या बायका खालच्या वस्तीच्या. सीमेपलीकडून आलेले लोक, एक पिढी होऊन गेली.

पंपावर आधी कोण भरणार?

"गावातले भरतील, मग ते. सध्या झऱ्यावरही तसंच आहे. भांडण नाही. ते समाधानी आहेत."

त्यांना जागेबद्दल विचारलं होतं का?

"ते सभेला होते ना."

मग फिरी अगदी सभ्यपणे म्हणाले, "मिस सुजाता, तुमच्या देशात सगळे एकदम भरतात का?"

तेवढ्यात कार्ड संपलं. परत लावला नाही.

१३ सप्टें.

कॅन्टीनमध्ये डॉ.ना गाठलं. फोटोचं सांगितलं, फोनचंही.

"अगं, तू आपलं तिकडे नेऊन लावते आहेस. तिथे असं नसतं."

"कसं नसतं?"

"म्हणजे, आपल्याकडे असायचं तसं. आणि आपल्याकडे तरी आता कुठे राहिलंय?"

माणूस चांगला आहे. मला इथे पहिली नोकरी मिळाली तेव्हा रेफरन्स त्यांनीच दिला. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "गाव कोणतं?" पुणे, म्हटलं. "नाही, मूळ?" मी परत पुणेच म्हटलं. पुढे विचारलं नाही. त्यांना अंदाज असेल, नसेल. दोन वर्षं आम्ही दोघांनी ते तसंच ठेवलंय.

आपलं तिकडे नेऊन लावते आहेस, हे मात्र खोटं आहे असं म्हणता येत नाही.

१६ सप्टें., रवि.

ग्रॅहमकडे गेले. तो गॅरेजमध्ये जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बोटीला रंग देत होता. त्याने पुठ्ठ्यावर जमिनीचे थर काढून दाखवले. खालच्या वस्तीत पाणी उलट लवकर लागेल. म्हणजे दोन्ही जागा चालतात.

पण बोअरचं मशीन आत्ता त्या जिल्ह्यात आहे. आपला होकार लांबला की ते उत्तरेला जाईल आणि पावसाळ्यानंतरच येईल. पावसात झरा गढूळ होतो, पोरांना जुलाब लागतात. पहिल्यांदा कुठे, तर खालच्या वस्तीत.

म्हणजे हो म्हटलं तर त्यांना यंदा चांगलं पाणी मिळेल, सगळ्यांचं भरून झाल्यावर. नाही म्हटलं तर कदाचित कुणालाच नाही.

"तेव्हा उगाच घोळ घालू नकोस, सू," ग्रॅहम म्हणाला. ब्रश बुडवत पुढे: "घालायचाच असेल तर गुरुवारीच घाल. नंतर नको."

१८ सप्टें.

आईला म्हटलं, मीटिंगमध्ये सांगणार आहे.

"त्या बायकांचं?"

"आपलं पण. नाहीतर मला हे कसं दिसलं ते त्यांना कळणार नाही."

"त्या डॉक्टरांसमोर?"

"हो."

"मग पुढच्या वेळी तुझ्याकडे बघतील तेव्हा तेच बघतील." मग: "सांग. पण माझं नाव घेऊ नकोस."

२० सप्टें., गुरु.

ग्रॅहम: स्वीट ॲज. डॉ.: हो. मार्गारेटचं स्वतःचं हो. मग मी.

नाही, म्हटलं.

मार्गारेटने पेन खाली ठेवलं. मी फोटो टेबलावर ठेवला, मोकळ्या जमिनीवर बोट ठेवलं. फोनवरचं सांगितलं. मग आमच्या गावाचं. 'वरून ओतणं' इंग्रजीत सांगताना अगदीच साधं वाटायला लागलं, मदत केल्यासारखं. म्हणून हात करून दाखवलं: घागर इथे, माणूस तिथे, मधे एवढं अंतर.

मार्गारेटने विचारलं, "हे तू कुणाकडून ऐकलंस?"

"घरच्यांकडून. आम्ही लांब उभे राहणारे."

डॉ. केळकर मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

"काय म्हणतोय?" ग्रॅहम.

मी फोटो मार्गारेटकडे सरकवला.

मार्गारेट चिडली नाही, पण पावसाळ्याबद्दल स्पष्ट विचारलं: "मशीन गेलं, पोरं आजारी पडली, तर ते आपल्या नावावर. मान्य आहे?" मान्य आहे म्हटलं.

ठरलं: फिरींनी दुसरी सभा घ्यायची, खालच्या वस्तीत, फक्त तिथल्या बायकांची, गावप्रमुख नको. मशीन आठवडाभर थांबेल का ते ग्रॅहम बघणार.

डॉ.नी नेहमीसारखं न्यू लिनला घरी सोडलं. वाटेत क्रिकेट. मी उतरताना म्हणाले, "माझ्या आजोळीही विहीर होती." पुढचं वाक्य येईल म्हणून मी दार धरून उभी राहिले. आलं नाही.

२३ सप्टें.

मशीन थांबतंय. ग्रॅहमने कुणाकुणाला फोन केले, सांगत नाही.

डॉ. लिफ्टमध्ये भेटले. बोलले, हसले. मी ते हसू नेहमीचं आहे का ते बघत राहिले. आई म्हणाली ते उलटंही लागू आहे. मीही आता त्यांच्याकडे बघताना तेच बघते.

२६ सप्टें., बुध.

फिरींचा फोन. सभा झाली. खालच्या वस्तीच्या बहुतेक सगळ्या बायका आल्या. गावप्रमुख नव्हता. पंप कुठे हवा, असं विचारलं.

सगळ्या म्हणाल्या, झाडाखाली. वर.

"मी परत विचारलं," फिरी म्हणाले. "इथे तुमच्या अंगणात पाणी लागतं, हेही सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, वरच बरं. बाकीच्यांनी माना हलवल्या. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, मिस सुजाता." आवाज दमलेला, पण खोटा वाटला नाही.

मार्गारेटला कळवलं. तिचा लगेच फोन: "मग झालं. आपण विचारलं, त्यांनी सांगितलं. तुझाच नियम आहे." प्रेमाने म्हणाली. चुकीचंही काही म्हणाली नाही.

डॉ.ची एका ओळीची ईमेल: 'बघ. तरी विचारलंस ते बरं केलंस.' पहिला शब्द आणि बाकीचं वाक्य वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं.

उद्या साडेसहाला परत मीटिंग.

२७ सप्टें., गुरु., सकाळ

आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली नाही.

"मी पण तेच म्हटलं असतं."

"अंगणात पाणी मिळत असताना?"

"अंगणात पंप बसला की वरचे पाण्याला खाली येणार. आज येतील, उद्या म्हणतील ही जागाच आमची. मग राहायचं कुठे?" पोळी उलटली. "तुमचा तो फिरी सभा घेऊन घरी जातो. त्यांना तिथेच राहायचंय."

"मग वरच बसवायचा?"

"असं कुठे म्हटलं मी? त्या काय म्हणाल्या आणि का म्हणाल्या, ते सांगितलं."

मार्गारेट आज परत टेबलाभोवती विचारेल. मशीन शनिवारपर्यंतच आहे; आज नाही म्हटलं तर ते जाईल.

आई म्हणाली, "तू काय म्हणणार आहेस?" मी डबा भरत होते. बस दिसली म्हणून निघाले. बसमध्ये हे लिहितेय, हो की नाही ते ठरवत.