खंडेनवमीला पुसलेल्या बारा डिस्क

३ ऑक्टो., शुक्र.

सकाळी नऊला शाहूपुरीत हॉस्पिटलला पोचले. सर्व्हर रूम उघडली. झेंडू, उदबत्तीचा वास, सर्व्हरच्या तिन्ही पेट्या चकचकीत. छान वाटलं. बटणं दाबली आणि दहा मिनिटांत छान वाटणं संपलं.

बारापैकी दोन डिस्क उठतच नाहीत. बाकीच्या उठल्या, पण पहिल्या पेटीतल्या तिसरीत दिसतायत, दुसरीतल्या पहिलीत. तेवढ्यात ओपीडीतून फोन, पेशंटचे जुने फोटो उघडत नाहीत. सगळे नाहीत, पण पुष्कळ.

विलासमामांना बोलावलं. वॉर्ड, पाणी, लाइट, सगळं वीस वर्षं तेच बघतात. नवमीला दुपारी मशिनं बंद करून मी पुरण घालायला घरी पळाले होते आणि जाताना त्यांना सांगितलं होतं, नीट पुसून घ्या. मामांनी नीट पुसलं. एकेक डिस्क खणातून ओढून, ओल्या फडक्यानं, वर कुंकवाचं बोट. परत घालताना कुठली कुठे घातली ते विचारलं.

"त्ये ध्यानात न्हाय, म्याडम. बाराच्या बारा सारख्याच दिसत्यात की." मग म्हणाले, "माझ्याच हातनं झालंय. लपवत न्हाय."

रागवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यांनी लपवलं असतं तर मी अजून केबली तपासत बसले असते.

३ ऑक्टो., दुपार

काय पणाला लागलंय ते लिहून ठेवते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. आठ वर्षांचे डोळ्यांच्या पडद्याचे फोटो. मधुमेहाचे पेशंट दरवर्षी येतात. डॉ. मगदूम (आमचे मुख्य, पुढे नुसतं म. सर) यंदाचा फोटो मागच्याच्या शेजारी लावून बघतात. जुना नसेल तर डोळा कुठवर बिघडलाय ते कळत नाही, आणि कळेपर्यंत नजर गेलेली असते.

बॅकअप? प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, तीन पेट्यांत. हाच बॅकअप, असं ट्रस्टींना छातीठोकपणे सांगणारी मीच. तिन्ही पेट्या एकाच खोलीत, एकाच फडक्याखाली येतील हे डोक्यात आलं नाही.

हे फोटो सांभाळणारी सिस्टिम ओपन सोर्स. चार वर्षांपूर्वी मीच आणली. सपोर्टचा करार करायचा का, असं सरांनी तेव्हा विचारलं होतं. मी म्हटलं, कशाला सर, मी आहे की. आज दिवसभर तेच वाक्य कानात.

'दुरुस्त करा' अशी एक आज्ञा आहे. बोट शिवशिवतंय. आधी ही सिस्टिम वापरणाऱ्यांच्या मेल-गटावर लिहिलं. सगळं खरं लिहिलं, कुंकवासकट.

४ ऑक्टो., शनि.

उत्तर कालच आलं, वीस मिनिटांत. इंग्रजीत, एकच ओळ: कशालाही हात लावू नका, फोन करा. खाली नंबर. कुठला साहेब असेल म्हणून इंग्रजीची जुळवाजुळव करून फोन लावला, तर मागे गाय हंबरतेय. बसवराज. आपल्याच जिल्ह्यातल्या नेसरीचा! घरी बसून कुठल्या परदेशी कंपनीचं काम करतो, आणि काम म्हणजे हीच सिस्टिम सांभाळायचं. मी मराठीत बोलले तसा तोही सुटला.

"अक्का, डिस्कला आपलं नाव ठावं असतंय. कुठल्या बी खणात घाला, ती इसरत न्हाय. तुमी फकस्त त्ये दुरुस्तीचं दाबू नकासा, चांगल्या प्रती बी पुसून जातील."

आधी एक आज्ञा द्यायला लावली. सिस्टिम आपल्या मनानं प्रती इकडून तिकडे हलवत होती, ते थांबलं. मग म्हणाला, आज बस्स, घरी जावा. माझा विश्वास बसेना, पण गेले. आज सकाळी त्यानं एकेक डिस्कवरचा नंबर वाचायला लावला, तो सांगेल त्या पेटीत मामा घालत गेले. त्या दोन झोपलेल्या डिस्कचं कारणही सापडलं: टोकाच्या पितळी पट्टीवर ओलं कुंकू वाळून बसलेलं. मामांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, लहान मुलाचे कान पुसावेत तसं. साडेचारला एक उठली. दुसरी नाही उठली. जाऊ दे.

एक पुरली. प्रत्येक फोटोच्या निदान दोन प्रती जाग्या झाल्या, तेवढ्यावर फोटो उघडतो.

५ ऑक्टो., रवि.

रविवार असूनही गेले. थांबवलेलं काम बसवराजनं काल निघताना पुन्हा सुरू करायला लावलं होतं; रात्रभर सिस्टिमनं तिसऱ्या प्रती स्वतःच भरून काढल्या. तपासणी पूर्ण. एकही फोटो गेलेला नाही. एकही नाही.

खुर्चीत बसून रडले. मामा दारात उभे होते, ते चहा आणायला गेले. फार उपकार आहेत या माणसांचे. बसवराजला विचारलं, तुमचं काय द्यायचं? म्हणाला, झालं ते सगळं गटावर लिहा, उद्या दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. लिहिलं.

८ ऑक्टो., बुध.

ट्रस्टींना कळलंच. म्हणे 'फुकटवाली' सिस्टिम काढा, नावाजलेल्या कंपनीची बंद पेटी घ्या, बिघडलं की कंपनी बघेल. म. सरांनी मला टिपण लिहायला सांगितलंय: ठेवायची असेल तर सपोर्ट कुणाचा?

मी मनात ठरवलेलं, बसवराज आहे की. त्याला तसं म्हटलं तर चिडला.

"आणि त्या दिशी गाय व्यायला झाली आन् मी गोठ्यात असलो तर? पेशंटचं डोळं हायती अक्का. पैसं देऊन माणूस बांधून घ्या."

मग तुमच्याच कंपनीचा करार करू का, म्हटलं. नको म्हणाला, ते बँकांसारख्या मोठ्यांसाठी, तीन पेट्यावाल्यांचा फोन रांगेत पडून राहील. पुण्यात एक लहान फर्म आहे, तिला विचारा. आणि काय विचारायचं तेही सांगितलं. फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव काय? सिस्टिममधली चूक तुम्ही स्वतः कधी दुरुस्त करून ती लिहिणाऱ्या मूळ लोकांना पाठवलीय का? आणि करार मोडला तर आमचे फोटो आमच्याकडेच राहतात ना? सगळ्यात आधी मात्र वेगळ्या इमारतीत बॅकअप, नाहीतर पुन्हा फोन करू नका म्हणाला. स्वतःच्या कंपनीचं गिऱ्हाईक परतवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

१४ ऑक्टो., मंगळ.

पुण्याच्या फर्मशी बोलले. फोनवर मृणाल नावाची इंजिनियर. चूक दुरुस्त करून पाठवलीत का, यावर म्हणाली, दोनदाच, आणि त्यातली एक नापास होऊन परत आली होती. आवडली मला. फोन तीच उचलणार किंवा तिचा जोडीदार, दोघांची नावं करारात लिहून देते म्हणाली.

बंद पेटीवाले गृहस्थही येऊन गेले. बोलणं गोड, फाइल गुळगुळीत. उद्या तुम्हाला सोडलं तर फोटो बाहेर कसे काढायचे, असं विचारलं. म्हणाले, सोडायचंच कशाला मॅडम? तीनदा विचारलं, तीनदा तेच.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस

बसवराजच्या गाईला फोनवरून नमस्कार.

टिपण सरांना दिलं. पुण्याची फर्म, शिवाय बॅकअप दसरा चौकाजवळच्या आमच्या जुन्या दवाखान्यात. सरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"पेटी बिघडली तर पुण्याला फोन कोण करणार?"

मी, म्हटलं.

"आणि तू नसलीस तर?"

सरांचं ठरलं: दिवाळीनंतर एक दिवस मी रजेवर, फोन बंद. ते स्वतः एक डिस्क ओढून काढणार. पुण्याची फर्म तो दिवस चाचणी म्हणून सांभाळेल. माझ्याशिवाय सगळं सुरळीत झालं तर करार, नाही तर बंद पेटी. राग आला खरा, पण सरांचं बरोबर आहे. आठ वर्षं या पेशंटांना तेच बघतायत.

२५ ऑक्टो., शनि.

मामांना शिकवतेय. आधी नकोच म्हणाले, पुन्हा हातनं काही झालं तर? मी म्हटलं, त्या खोलीत बाराच्या बारा डिस्क हाताळलेला माणूस तुमच्याशिवाय कोण आहे? हसले. आता प्रत्येक खणावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: पेटी १, खण २. लाल दिवा लागला की नंबर वाचायचा, मृणालला फोन, ती सांगेल तेवढंच करायचं. काल मृणाल नंबर चुकून उलटा बोलली, तर मामांनी तिला थांबवलं. "पोरी, सात आदी का नऊ?" तीही म्हणाली, सॉरी काका, नऊ.

२८ ऑक्टो., मंगळ.

रजा. सकाळी सातला मामा शिवाजी पेठेत घरी येऊन खोलीची किल्ली घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले, शर्टावर सांडंल.

सर अकराला डिस्क काढणार होते. दोन प्रती राहतात, म्हणजे फोटोंना धोका नाही, हे मीच सरांना कागदावर लिहून दिलंय. तरी सारखी घड्याळ बघतेय. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, माझ्या फोनवरून लावू का? नको म्हटलं.

कुणाकुणाचे आभार मानायचे? नेसरीच्या गोठ्यातला, पुण्याची ती मुलगी, खरं बोलणारे मामा, नको तो प्रश्न विचारणारे सर. महिन्यापूर्वी यांतलं कुणी गेलं असतं तर माझं काही अडलं नसतं, असं वाटायचं.

आता साडेबारा. ओपीडीत सगळ्यात जास्त गर्दीची वेळ. कुणाचा तरी गेल्या वर्षीचा डोळा आत्ता पडद्यावर उघडत असेल. उघडत असेल ना? संध्याकाळी सहापर्यंत विचारायचं नाही.