लाल दोऱ्याचे सत्तावीस टाके

मी, इझाक गिबुंगू, वय सव्वीस, धंदा शिंपी, लोआंगे नदीकाठच्या किंगुला गावच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीचा बाप्तिस्मा घेतलेला सभासद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाशिवाय लिहितो. आमच्या मंडळीत शपथ घेत नाहीत. म्हणून ‘हो’ लिहिले ते हो आणि ‘नाही’ ते नाही. सोमवारी इस्पितळात माझ्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया आहे. या कागदाच्या कडेला लाल दोऱ्याचे सत्तावीस टाके आहेत. कमी भरल्यास कागद बदलला असे समजावे.

१. घर, पत्र्याच्या छपरासह, पत्नी मादो व मुलगी एलेन यांचे. आमच्या पेंदे लोकांत माणूस मेला की त्याचे सगळे आईच्या कुळाकडे, म्हणजे मामाकडे जाते. वडील गेले तेव्हा त्यांच्या मामाने दफनाच्या दुसऱ्याच दिवशी छपराचे पत्रे उतरवून नेले. आई आणि मी उघड्या भिंतींत राहिलो. मादोचे तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

२. पायमशीन व मोठी कात्री मादोची. मशीनच्या तेलाची बाटलीसुद्धा कोणाला देऊ नये. आज तेल मागणारा उद्या मशीन मागतो.

३. माझे मामा खोशी यांना काही नाही. कारणे: गेल्या महिन्यात येऊन ते बराच वेळ छपराकडे पाहत बसले. प्रभुभोजनाच्या दिवशी मंडळीच्या रीतीप्रमाणे एकमेकांचे पाय धुताना त्यांनी माझा डावा पाय कोरडाच सोडला. आज शिजवलेली कोंबडी घेऊन आले आहेत. चेटूक मी मानत नाही. तरी पहिला तुकडा कुत्र्याला घातला. कुत्रा अजून ठीक आहे.

४. साक्षीला मी मुद्दाम मामांनाच बोलावले आहे. पाळक मुबू म्हणतात, साक्षीदाराला त्या कागदातून काही मिळत नाही आणि पुढे हक्कही सांगता येत नाही. मामांना हे सांगायचे नाही.

५. (नंतर लिहिलेले.) मी मजकुरावर हात ठेवून फक्त सहीची जागा दाखवली.

“हात काढ,” मामा म्हणाले. सावकाश सगळे वाचले. “डाव्या पायाला फोड होता तुझ्या, गाढवा. परातीतलं पाणी दहा जणांच्या पायांचं.”

“आणि छपराकडे बघत होतात ते?”

“गळतंय ते. खिळे आणलेत. बाहेर पिशवीत आहेत.”

“चौथं कलम वाचलंत ना, मामा?”

“वाचलं. कुळातले आले तर आधी माझ्याच दारात येणार. साक्षीला माझी सही आहे म्हटलं की त्यांचं तोंड बंद. आण ते पेन.”

सही करून त्यांनी कोंबडीचा तुकडा उचलला. “कुत्र्यानंतर माझा नंबर,” म्हणाले, आणि माझ्याकडे बघत खाल्ला. मग मी खाल्ला.

तिसरे कलम आता बदलता येत नाही. मामा साक्षीदार आहेत. द्यावेसे वाटले तरी त्यांना काही देता येत नाही.

बाहेर जाऊन पिशवी पाहिली. खिळे आहेत.

सही: इझाक गिबुंगू
साक्षीदार: १. खोशी, मामा (सगळे वाचून) २. पाळक मुबू
किंगुला, गुरुवार, १२ मे २०११