कोपराखालचा हात

तुलसी नगर, भोपाळ
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सुहासिनीताईस,

मृणालचा साष्टांग नमस्कार, भावोजींनाही. इकडे सगळं क्षेम आहे. तुझा चिवडा कोर्टात नेला आणि डबा रिकामाच परत आला. मला मूठभर मिळाला.

तू फोनवर पुन्हा तेच विचारलंस, भोपाळचं चंबूगबाळं आवरून नागपूरला कधी येतेस? वरची खोली रंगवायला काढलीस म्हणे. सांगते. पण आधी कमलकाकूंची केस ऐक, तिच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

कोटरा सुल्तानाबादच्या कमलकाकू तुला आठवत असतील, आमच्या मराठी मंडळाला पुरणपोळ्या पुरवणाऱ्या. एका कारने त्यांच्या स्कूटरला धडक दिली आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. ऑपरेशन झालं तर लाटणं पुन्हा हातात येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण भरपाई मिळाली तरच ऑपरेशन. अपघाताचे दावे लढवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, तरी या केसने माझी झोप उडवली. एक तर काकू घरच्यासारख्या. त्यात विमा कंपनीचा वकील कोण, तर विक्रांत देशकर, आमच्या मंडळाचे सेक्रेटरी! दिवसा कोर्टात एकमेकांवर तुटून पडायचं आणि संध्याकाळी मंडळात एकाच पंगतीला वरणभात वाढायचा. भोपाळात मराठी माणसं जातील कुठे?

तर गणपतीत काकूंनी आरतीचं ताट धरलं. कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि काकूंनी तो हौसेने स्टेटसला ठेवला. कंपनीचा तपासनीस चौकशीला घरी आला होता, तेव्हा या बाईने त्याला उपमा खाऊ घालून त्याचा नंबरही घेतला होता! दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कंपनीच्या साहेबांकडे पोचला. हात खांद्याच्या वर, ताट गोल फिरतंय, चेहऱ्यावर हसू. दावा खोटा म्हणायला आणखी काय हवं?

मी कपाळाला हात लावला. "काकू, काय केलंत हे?"

"अगं, बाप्पापुढे हात उचलायला नको का?"

सुनावणीत व्हिडिओ लागला. जजसाहेबांनी चष्मा वर केला. "माताजी का हाथ तो अच्छा-ख़ासा उठ रहा है, मैडम."

मी समजावू लागले, "सर, हमारे यहाँ आरती की थाली एक जन पकड़ता है, बाक़ी लोग उसकी कोहनी को हाथ लगाते हैं. मतलब आरती सबकी हो गई. देखिए, कोहनी के नीचे एक हाथ है."

"सिर्फ़ लगाया है, या उसी ने उठाया है? किसका है ये हाथ?"

हात कुणाचा, ते मला ठाऊक होतं. पण मी सांगून काय उपयोग? सांगायला हवं होतं त्या हाताच्या मालकाने, आणि तो समोरच्या बाजूला बसलेला. ताई, काकूंचा हात, काकूंच्या पोळ्या, सगळं एका माणसाच्या बोलण्यावर अडलेलं.

विक्रांत उठले. "सर, मेरा है. माताजी का हाथ नहीं उठता. थाली का पूरा वज़न मैंने लिया था. कंपनी को बताया भी था, वे माने नहीं. अब इस केस में मैं वकील नहीं रह सकता. चाहें तो मेरी गवाही ले लीजिए."

मागून काकूंचा आवाज आला, शुद्ध मराठीत, "तरीच म्हटलं, त्या दिवशी हात एवढा हलका कसा झाला!"

जजसाहेबांना भाषा कळली नसावी, पण तेही हसले. परवा कंपनीने तडजोड केली. दिवाळीनंतर ऑपरेशन. काकूंनी होळीच्या पोळ्यांच्या ऑर्डरी आत्ताच घ्यायला सुरुवात केली आहे, त्यांना कोण सांगणार!

आता तू विचारशील, तो हात विक्रांतचा हे मला कसं ठाऊक? व्हिडिओ तुझ्या फोनवर पाठवला आहे, नीट बघ. त्यांच्याही कोपराला एक हात टेकलेला आहे. मनगटात आईची पाटली आहे, ओळखशील. आरतीला सगळेच हात लावतात म्हणून मीही लावला, असं बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

त्या दिवशी कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर ते म्हणाले, "मृणाल, आता मी समोरच्या बाजूचा नाही. तर एक विचारू का?" या वयात मी लाजले गं! टपरीवाल्याने पैसेच घेतले नाहीत, यावरून काय ते समज.

तुळशीची लग्नं लागली की आमचं. खोली रंगव, पण ती आम्ही दोघं राहायला येऊ तेव्हासाठी. हे लिहायला हात धजत नव्हता. आई गेल्यावर तूच मला सांभाळलंस, आणि आता तू हाक मारतेस तर मी येत नाही. वाईट वाटतं, आणि तरीही मी इतकी आनंदात आहे की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हबीबगंजला उतर. स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही तेच म्हणतो. घ्यायला ते येतील. मागच्या खेपेला तुझी लोणच्याची बरणी गाडीत जपून चढवणारे तेच. आठवलं?

लहानपणी घरात ताट तू धरायचीस, आणि तुझ्या कोपराला हात लावून मला वाटायचं, आरती मीच करते आहे. लग्नाच्या दिवशीही ताट तूच धर. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही.

तुझ्या कोपराला हात लावून उभी असलेली,
मृणाल