सक्करदऱ्याची बुरशी

बाई,

तुम्हाला जाऊन तीस वर्षांच्या वर झालं. पत्र लिहायची मला सवय नाही. चौथी शिकलेली मी, त्यातही अर्धा वेळ बाकाखाली झोपण्यात गेला. पण मागच्या आठवड्यात नातीने एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. ती गोष्ट बोलावी असं माणूस तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. तुम्ही हे वाचणार नाही हे मला कळतं. म्हातारी झाले, येडी नाही झाले.

कॉलेजच्या वरच्या मजल्यावरची ती पश्चिमेकडची खोली, तुमची प्रयोगशाळा, अजून दिसते मला, डोळे उघडे असले तरी. भिंतीला लाकडी घोड्या, घोड्यांमध्ये काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीला कापसाचं बूच आणि आत तिरप्या थिजवलेल्या बटाट्याच्या आगरावर, त्या खळीसारख्या खाण्यावर, उगवलेली बुरशी. कोणती गुलाबी, कोणती काळी, कोणती नव्या लुगड्याच्या काठासारखी पिवळीजर्द. दुपारी उन्हाची तिरीप आत आली की त्या सगळ्या जाग्या झाल्यासारख्या वाटत. नोकरीला लागले त्या आठवड्यात मला नळ्या धुवायचं काम होतं. एका घोडीतल्या सगळ्या नळ्यांना बुरशी लागलेली दिसली. मी म्हटलं, काय घाण ठेवतात ही शिकलेली माणसं. राख लावून अशा घासल्या की तोंड दिसावं. तुम्ही आलात, रिकामी चकचकीत घोडी पाहिली आणि भिंतीला टेकलात. मला वाटलं, गेली नोकरी. तुम्ही एवढंच म्हणालात, "अवं, ती घाण नव्हती. आपण तेच पाळतो इथं." मग सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोललात. तो राग मी विसरले नाही, पण त्या सहा महिन्यांत तुमच्या हाताकडे बघत राहिले. स्पिरिटच्या दिव्यात सुई लाल करायची, निवू द्यायची, जुन्या नळीतला कण उचलायचा, नव्या आगरावर टेकवायचा, बूच ज्योतीवर फिरवून लावायचं. एकाहत्तरच्या लढाईत काचांवर काळे कागद चिकटवले होते, तेव्हा त्या अंधारलेल्या खोलीत तुम्ही पहिल्यांदा सुई माझ्या हातात दिलीत. माझा हात तुमच्याहून स्थिर आहे, असंही म्हणालात. घरी जाऊन मी ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासू म्हणाली असती, भाकरी कराले हात काहून हलते मग?

त्या सगळ्यांत तुमची लाडकी एकच होती. सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी कुजलेल्या ओंडक्यावर तुम्हाला सापडलेली. आधी पांढरी, मग मधून हिरवट राखाडी व्हायची आणि काठाला पांढरी किनार ठेवायची. अशी बुरशी आधी कोणी पाहिली नाही असं तुम्ही तुमच्या शास्त्राच्या पेपरात लिहिलंत, तिच्या बीजांची चित्रं काढलीत. नंतर किती पावसाळे आपण दोघी त्या तळ्यावर गेलो, पदर खोचून चिखलात उभ्या राहिलो, ओंडके उलथले. पुन्हा सापडली नाही. जगात ती आपल्या खोलीतच होती, चार नळ्यांत. दर तीन महिन्यांनी मी तिला नव्या आगरावर न्यायची. उन्हाळ्यात कूलरचा भरवसा नसायचा म्हणून मीच युक्ती काढली होती. माठात ओली रेती, रेतीत नळ्या, रोज सकाळ-संध्याकाळ रेतीवर पाणी. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माठ दाखवायच्या.

तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मे महिन्यात तुम्ही भावाकडे गेलात. जाताना म्हणालात, "जूनमध्ये मी रिटायर. ही नळी बाहेरगावी बुरशी जिवंत ठेवतात त्या मोठ्या संग्रहात पाठवायची आहे. तेवढी जगव." मी हो म्हटलं. आणि वाडीला बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी गेले, पाच दिवस राहिले. हळद लावली, नाचले, ट्रकच्या धुळीत बसून वांग्याची भाजी खाल्ली. माठ मला एकदाही आठवला नाही. परत आले तेव्हा रेती भट्टीतल्यासारखी होती. चारही नळ्यांतलं आगर आकसून काचेला चिकटलेलं. मी आठ नव्या नळ्या केल्या. आठ दिवस वाट पाहिली. आगर कोरंच्या कोरं राहिलं.

टेबलाखालच्या टोपलीत सरबताचं एक लिंबू सडलेलं पडलं होतं. मधून हिरवट राखाडी, काठाला पांढरी किनार. मी त्याच्याकडे पाहत बसले. कूलर खडखडत होता, खसचा वास होता आणि मला आपण स्वप्नात आहोत असं वाटत होतं. हात मात्र जागे होते. सुई लाल केली, निववली, लिंबावरचा कण उचलला, नव्या नळीतल्या आगरावर टेकवला. इतकं सफाईदार काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

तुम्ही आलात. मोतीबिंदू पिकला होता तुमचा, मायक्रोस्कोपला डोळा लावून उपयोग नव्हता. नळी खिडकीशी धरलीत आणि विचारलंत, "मले नीट दिसत नाही वं. रंग बरोबर आहे नं?"

मी म्हटलं, "बरोबर आहे, बाई."

तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. तुमचं पितळी मुठीचं भिंग माझ्या हातात दिलंत. तेव्हा सांगायला हवं होतं. भिंग हातात असताना तोंड उघडलं नाही, आणि तीच नळी संग्रहात गेली.

आता नातीचं ऐका. ती बुरशीचंच शिकली, माझ्याच गोष्टी ऐकून. मनीषनगरच्या घरात जेवताना मीच फुशारकी मारायची, की बाईंची बुरशी मी जगवली. तिने संग्रहातून तीच बुरशी मागवली. म्हणते, प्रत्येक बुरशीच्या आत चार अक्षरांनी लिहिलेलं लांबच लांब लिखाण असते, दोन-अडीच कोटी अक्षरांचं. मशीन ते तुकड्या-तुकड्यानं वाचते, ही तुकडे जुळवते. मग कॉम्प्युटरसमोर बसून एकेका तुकड्यापाशी त्याचं काम लिहिते. हा रंग करतो, हा बीज करतो, हा काय कामाचा ते माहीत नाही. मी शेजारी भाजी निवडत बसते. पडद्यावर अक्षरं वाहत असतात, मला त्यातलं काही समजत नाही, पण बघत राहावंसं वाटते. तुम्ही असत्या तर खुर्ची ओढून बसल्या असत्या.

मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "आजी, तुझ्या मॅडम चुकल्या. म्हणे तळ्याकाठच्या लाकडावरची नवी बुरशी. ही तर लिंबा-संत्र्याले लागते ती साधी बुरशी आहे. साल कुजवायचं सगळं सामान आहे हिच्यात. अक्षरं पण जुळून राहिली. मी पेपरात तसंच लिहून राहिली. शेवटी आभारात तुझं नाव टाकते, तू इतकी वर्षं सांभाळली म्हणून."

दोन दिवस मी तिच्या शेजारी भाजी निवडायला बसले नाही. तुमच्या नावापुढे चूक आणि माझ्या नावापुढे आभार. तिसऱ्या दिवशी ती चहा पीत होती, तेव्हा म्हटलं, "मॅडम नाही चुकल्या. नळी मी बदलली."

ती हसली. "तू काहून बदलशीन?"

"मेली होती म्हणून." आणि सगळं सांगितलं, लग्न, रेती, लिंबू.

कप खाली ठेवून तिने विचारलं, "म्हणजे असली कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

"अन् आम्हाले लहानपणापासून सांगत आली का मी जगवली."

खरंच सांगत आले होते. ती उठून आत गेली, दार लावलं. संध्याकाळी मी दाराशी उभी राहून म्हटलं, आभारातून माझं नाव काढ आणि जिथं नळी बदलल्याचं लिहिशील तिथं टाक.

काल तिने लिहिलेलं वाचून दाखवलं. मूळ वर्णन बरोबर असावं, चित्रांवरून ती वेगळी बुरशी दिसते, जिवंत नमुना मात्र प्रयोगशाळेत सांभाळताना नष्ट होऊन त्याच्या जागी दुसरी बुरशी आली. आभारात मी नाही. चुकीतही नाही. मी म्हटलं, माझं नाव टाक. ती म्हणाली, "आजी, पेपरात असं नाव टाकत नाहीत." अजून बोलत नाही ती माझ्याशी नीट. तुमच्यासारखीच आहे, कामापुरतं बोलते.

तुमचं नाव साफ झालं, एवढं कळवायचं होतं. हे कागद घडी करून मी तांदळाच्या डब्याखाली सारणार आहे, टपालात टाकायचं सोंग कशाला? आणखी एक. नाव टाक, असं मी तिला दोनदा म्हटलं, चांगलं ठणकावून म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित टाकलंही असतं तिने. मी म्हटलं नाही. नाव नाही हे ऐकून मला बरं वाटलं होतं, बाई.